लोहाचा माग

१९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, दक्षिण आशियातून येऊन स्थायिक झालेल्या सुमारे २१ स्त्रियांच्या घरी चपात्या पोचवल्या जात होत्या. या बायका किरकोळ तक्रारी घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या, तिथून त्या या प्रयोगात आल्या. चपात्यांच्या कणकेत लोह-५९ हा गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी समस्थानिक मिसळलेला होता. चपात्या खाऊन झाल्यावर हार्वेल इथल्या अणुसंशोधन केंद्रात त्यांच्या शरीरातला किरणोत्सार मोजला जाणार होता. आपण काय खातो आहोत हे या बायकांना नीट समजावून सांगितले होते का, या प्रश्नावर १९९५ मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटाने काहूर उठवले. २०२३ मध्ये तिथल्या एका महिला खासदाराने पुन्हा चौकशीची मागणी केली.

प्रयोगामागचा प्रश्न मात्र खरा होता. आपल्या बायकांमध्ये रक्तक्षय इतका का? पोळी-भाकरीत लोह असते, तरी ते रक्तात का उतरत नाही? आजही तो प्रश्न तसाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात हा प्रश्न भाताच्या ताटापाशी येऊन थांबतो. ताटातले लोह रक्तापर्यंत पोचते की नाही, हे माणसाला इजा न करता मोजायला विज्ञानाला शंभरएक वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत एक मराठी बाई आहे, आणि आपल्या सीमेवरचे एक शहरही आहे.

सुरुवात करावी लागते ती एस्टोनियातल्या डोर्पाट विद्यापीठापासून. आजचे त्याचे नाव टार्टू. तिथे गुस्ताफ बुंगे यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर झिनॉफ्स्की या तरुणाने १८८० च्या दशकाच्या मध्यावर घोड्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा शुद्ध केले, जाळले आणि राखेतले लोह तोलले. ते भरले ०.३३५ टक्के. एवढ्या एका आकड्यावरून त्याने जे काढले ते मला आजही थक्क करते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचा निदान एक तरी अणू असणारच, अर्धा असू शकत नाही. लोहाचा अणुभार सुमारे ५६. तेव्हा ५६ हा जर रेणूच्या वजनाचा ०.३३५ टक्के हिस्सा असेल, तर आख्खा रेणू १६,७०० च्या आसपास भरला पाहिजे. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना इतका मोठा रेणू खरा वाटेना. प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालून जाणारे रेणू शे-दोनशे, फार तर हजार वजनाचे. पुढे १९२५ मध्ये केंब्रिजच्या गिल्बर्ट अडेअर यांनी दाखवले, की असे चार भाग मिळून एक पूर्ण हिमोग्लोबिन होते आणि त्याचे वजन ६७,००० च्या घरात जाते. म्हणजे जीवनाच्या एका महारेणूचे पहिले वजन कळले ते त्यातल्या चिमूटभर धातूमुळे. लेशमात्र मूलद्रव्य धरायचे आणि त्याच्या आधाराने रेणूपर्यंत पोचायचे, ही युक्ती यंत्राच्याही आधीची आहे.

यंत्र आले केंब्रिजमध्येच. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमाराला निऑन वायूचे विद्युतभारित अणू चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रातून सोडले, तेव्हा छायापट्टीवर एका रेघेऐवजी दोन रेघा उमटल्या, २० वजनाची आणि २२ वजनाची. त्यांचा सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन याने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वस्तुमानानुसार अणू वेगळे करणारे पहिले नेमके उपकरण उभे केले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. तत्त्व समजायला अवघड नाही. धावत्या भारित अणूला चुंबकाने बाजूला खेचले, की हलका अणू जास्त वळतो आणि जड अणू कमी. १९३५ पर्यंत लोहाचे चारही स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, हाती आले होते: ५४, ५६, ५७ आणि ५८. निसर्गातल्या लोहात ५६ वजनाचे अणू जवळजवळ ९२ टक्के, ५४ चे सुमारे सहा, ५७ चे दोनच्या थोडे वर, आणि ५८ चे हजारात जेमतेम तीन. हे आकडे लक्षात असू द्यावेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यात थोडासा मुद्दाम बिघाड करण्याची आहे.

अ‍ॅस्टन केंब्रिजमध्ये असतानाच, १९३७ च्या अखेरीस, तिथल्या जीवरसायन विभागात २६ वर्षांची कमला भागवत दाखल झाली.

इंदूरला १९११ मध्ये जन्मलेल्या कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. मुंबई विद्यापीठात १९३३ मध्ये रसायनशास्त्रात उत्तम यश मिळवून त्यांनी त्याच बंगळूरच्या संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्या कार्यालयासमोर ठाम उभ्या राहिल्या. मग प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि संस्थेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. श्रीनिवासय्या या शिस्तीच्या मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षानंतर रामन यांना त्यांचे काम मान्य करावे लागले आणि संस्थेची दारे मुलींना उघडली. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण ही वागणूक आपण कधी विसरू शकलो नाही, असे कमलाबाई उतारवयातही सांगत. ते सांगणे महत्त्वाचे आहे. मोठ्या नावांचा अन्याय आपल्याकडे फार लवकर झाकला जातो.

केंब्रिजला त्या सुरुवातीला डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गॉलँड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामासाठी नोबेल मिळालेले. १९२५ मध्ये डेव्हिड केलिन यांनी, त्याच गावात, प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत सायटोक्रोम ही रंगद्रव्ये दाखवली होती. वर्णपटातल्या त्यांच्या काळ्या पट्ट्या पेशीला प्राणवायू मिळाला की पुसट होतात आणि प्राणवायू तोडला की पुन्हा उमटतात. त्या पट्ट्यांच्या मुळाशी लोहाचा अणू असतो. तो एक इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देतो, आणि या देवघेवीतून पेशी श्वास घेते. सायटोक्रोम सी या प्रथिनात लोह हजारात चार-पाच भाग एवढेच, पण तेवढे काढून घेतले तर बाकीचे प्रथिन निरुपयोगी.

हेच वनस्पतींत पाहायला कमलाबाईंनी बटाटा घेतला. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे आणि वनस्पतींच्या श्वसनातही त्याचा सहभाग असल्याचे त्यांनी दाखवले. प्रबंध ४० पानांचा. केंब्रिजला आल्यापासून साधारण १४ महिन्यांत तो सादर झाला आणि १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव येते. गाईच्या यकृतात आणि बटाट्यात श्वासाचा सांधा एकच, तोही लोहाचाच, हे त्या कामातून पक्के होत गेले. अ‍ॅस्टनचे यंत्र आणि कमलाबाईंचे टेबल एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर होते. अणूंचे वजन करणारे आणि पेशीतला लोहाचा अणू शोधणारे यांची गाठ पडायला मात्र आणखी चाळीसेक वर्षे जायची होती.

परत आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, आणि १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पृथक्करण केले. तीत जीवनसत्त्वांबरोबर लोहही सापडले, आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती यांना नीरा दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे त्यांच्या गटाने नोंदवले. अन्नात किती लोह आहे ते त्यांना मोजता येत होते, माणूस सुधारला तेही दिसत होते. मधला रस्ता, म्हणजे याच पेल्यातले लोह याच माणसाच्या रक्तात उतरले का, हे दाखवायला तेव्हा एकच मार्ग होता आणि तो किरणोत्साराचा होता.

त्या मार्गाची सुरुवात १९३८ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर इथे झाली. पॉल हान आणि जॉर्ज व्हिपल यांनी किरणोत्सारी लोह कुत्र्यांना खाऊ घालून ते रक्तपेशींत कसे पोचते ते दाखवले. रक्तक्षयी कुत्रा जास्त लोह घेतो, धडधाकट कमी, म्हणजे आतडे स्वतः दार उघडते आणि लावते, हा त्यातला मोठा शोध. मग तेच हान टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीनंतर आठशेहून अधिक गर्भवती स्त्रियांना, पोषक पेय म्हणून, किरणोत्सारी लोह पाजण्यात आले. त्यांना ते ठाऊक नव्हते. कॉव्हेंट्रीच्या चपात्या याच रस्त्यावरच्या. मात्रा लहान होती, हेतू आजार समजून घेण्याचा होता, हे सगळे धरूनही मला यातली एक गोष्ट सोडवत नाही: दोन्हीकडे निवड झाली ती ज्यांना विचारण्याची गरज वाटली नाही अशा बायकांची.

लोहाचे ५७ आणि ५८ हे समस्थानिक किरणोत्सारी नाहीत. आपल्या प्रत्येक घासात ते थोडे असतातच. ते गोळा करून अन्नात जरा जास्त घातले, तर शरीराला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो रक्तातल्या प्रमाणात, आणि तोही अगदी बारीक. तो बारीक फरक वाचायला यंत्र तितके तीक्ष्ण हवे. अणुऊर्जेच्या कामात असे अणू तोलणारे यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, आधीच रुळले होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात युरेनियम आणि प्लुटोनियमचे समस्थानिक मोजण्यावर पिढ्या घडल्या, आणि भारतीय मास स्पेक्ट्रोमेट्री सोसायटीही १९७८ मध्ये तिथूनच उभी राहिली. रक्त, लघवी, धान्य अशा मिश्र आणि चिकट नमुन्यांसाठी मात्र दरवाजा उघडला तो १९८० मध्ये. आयोवातल्या एम्स इथे रॉबर्ट हाउक, वेल्मर फॅसल आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी अ‍ॅलन ग्रे यांनी आर्गॉन वायूचा, हजारो अंश तापलेला प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटरला जोडला. नमुन्याचा फवारा त्या ज्योतीत गेला, की प्रथिन, साखर, मेद सगळे फाटून सुटे भारित अणू होतात आणि यंत्र त्यांना वजनाप्रमाणे मोजते. तीनच वर्षांत हे यंत्र बाजारात आले.

लोहाने इथेही सहज हात दिला नाही. ज्योत आर्गॉनची, नमुना पाण्यात. आर्गॉनचा ४० आणि ऑक्सिजनचा १६ एकत्र आले, की ५६ वजनाचा एक तोतया तयार होतो, नेमका लोहाच्या मुख्य समस्थानिकाच्या जागी. आर्गॉन आणि नायट्रोजन मिळून ५४ होतात. यंत्र लोह समजून हवा मोजू लागते. हे तोतये फोडणाऱ्या वायूच्या कोठड्या आणि हजारांश वजनाचा फरक ओळखणारी उपकरणे यायला आणखी काही वर्षे गेली. ती आली आणि मग अशा गोष्टी दिसू लागल्या ज्यांची कुणी अपेक्षाही केली नव्हती. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थॉमस वाल्झिक आणि फ्रिडहेल्म फॉन ब्लँकेनबर्ग यांनी दाखवले, की कोणतेही खास लोह न खाता साध्या माणसाच्या रक्तातले लोह त्याच्या अन्नातल्या लोहापेक्षा हलके असते, दर हजारी अडीच-तीन भागांनी. आतडे हलके अणू किंचित पसंत करते. पुरुषांचे रक्त बायकांच्या रक्ताहून थोडे अधिक हलके निघाले. त्यांनी कारण सुचवले ते असे: दर महिन्याला रक्त गमावणारी बाई अन्नातले लोह जास्त ओढून घेते, त्यामुळे तिच्या आतड्याला निवड करायला वाव कमी राहतो.

आता बेळगाव. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात भालचंद्र कोडकणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या मायकेल हँबिज व नॅन्सी क्रेब्स यांच्या गटाबरोबर, दोन वर्षांच्या आसपासच्या ४० मुलांना बाजरीचे पदार्थ खाऊ घातले. काहींची बाजरी लोह आणि जस्त जास्त असलेल्या वाणाची, बाकीच्यांची नेहमीची. जेवणात दोन्ही धातूंचे स्थिर, निरुपद्रवी समस्थानिक मोजून घातलेले होते. मग रक्तातल्या लाल पेशींत लोहाचा माग घेतला आणि लघवीत जस्ताचा. २०१३ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या बाजरीतून मुलांनी दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषले होते, नव्या बाजरीतून ०.६७. जस्ताचे आकडे ०.६७ आणि ०.९५. बाजरीतले फायटेट लोहाला धरून ठेवते, म्हणून धान्यात लोह वाढवून काय उपयोग, अशी शंका तोवर पुष्कळांना होती. ती या प्रयोगाने मिटवली. कॉव्हेंट्रीत विचारलेलाच हा प्रश्न होता. इथे पोरांच्या अंगात किरणोत्साराचा एक कणही गेला नाही.

याच काळात महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण २०१२ मध्ये प्रसारित झाला. इक्रिसॅट ही पीकसंशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचे हे काम, किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम लोहाचे. अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना दोन्ही वेळच्या जेवणात जास्त लोहाच्या बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी दिली गेली. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, वाढले. त्या प्रयोगात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संशोधक स्त्रिया होत्या. भाकरी थापण्यापासून आकडे लिहिण्यापर्यंत हे काम इथल्या माणसांनी इथल्या अन्नावर केले, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते.

एकोडीच्या बाजूला बाजरी नाही. आमची झाडीपट्टी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या पाण्यावर धान पिकवते. धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकायची, आणि खायचा तो भात. पांढऱ्या तांदळात किलोमागे लोह पाच-सहा मिलिग्रॅम, बाजरीच्या दहाव्या हिश्शाएवढे. म्हणून रेशनच्या तांदळातच लोह घालायचे ठरले. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातली आधीची प्रायोगिक योजना शेजारच्याच गडचिरोलीत होती. तांदळाचे पीठ, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांचे दाणे पाडून शंभर किलोत एक किलो मिसळायचे, म्हणजे तयार तांदळात किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह बसते.

पण पूर्व विदर्भाच्या रक्तात आणखी एक गोष्ट आहे. नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद केली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा त्याचा पट्टा. १९५६-५७ मध्ये, केंब्रिजमध्येच, व्हर्नन इंग्राम यांनी त्याचे मूळ शोधून काढले: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. वजनात फरक ३० चा, १५,८६७ ऐवजी १५,८३७. आख्खे प्रथिन न फोडता तोलण्याची रीत जॉन फेन आणि कोइची तनाका यांनी १९८० च्या दशकात काढली, २००२ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले, आणि आता थेंबभर रक्तात हा ३० चा फरक मास स्पेक्ट्रोमीटर वाचतो. झिनॉफ्स्कीने राख तोलून जो १६ हजारांचा आकडा काढला होता, त्यातली एका अमिनो आम्लाची अदलाबदल आता दिसते.

सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागले, तर शरीरात लोह साचते. म्हणून २०१८ च्या अन्न सुरक्षा नियमांत लोह घातलेल्या अन्नाच्या पिशवीवर सूचना छापायची होती, की थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली खावे आणि सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. २०२४ मध्ये, पुरावे तपासून धोका दिसत नाही असे सांगून, ती सूचना काढली गेली. रेशनचा तांदूळ सुटा मिळतो, पिशवीवरचे वाचायला येतच नाही, हे साकोलीच्या दुकानात उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हे लोह अशा रुग्णांना धोक्याचे की नाही, हा वाद आकड्यांनीच मिटायचा आहे, आणि आकडे काढण्याची रीत आता हाताशी आहे. थायलंडमध्ये मायकेल झिमरमन यांच्या गटाने २००८ मध्ये थॅलेसेमियाच्या वाहक आणि रुग्ण स्त्रियांना स्थिर समस्थानिकांचे लोह देऊन नेमके हेच मोजले. साठा पुरेसा असूनही काहींचे शरीर लोह ओढतच राहते, हे त्यातून दिसले. तसेच इथेही करता येईल: साकोली तालुक्यात सिकलसेलचे वाहक, रुग्ण आणि निरोगी अशा स्त्रियांना, झाडीबोलीत सगळे समजावून आणि त्यांच्या होकाराने, रेशनच्या तांदळाचा भात लोह-५७ घालून द्यायचा. १४ दिवसांनी प्रत्येकीचे थोडे रक्त घ्यायचे, आणि ५७ चे ५६ शी प्रमाण वाचायचे.